देवघरात टांगलेलं युकुलेले

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. लेकराला वस्तू द्यायची ती जपायला, का वापरायला? लगेच उत्तर देऊ नका. सोपं वाटलं ना, म्हणूनच म्हणतो, थांबा. आधी रामेश्वर उगल्यांची गोष्ट ऐका!

सिन्नरजवळच्या गावातले हे रामेश्वर. फरशीचं दुकान, गळ्यात माळ, आणि दरसाल सप्ताहात वीणेचे पहारेकरी. तुम्हाला ठाऊकच आहे — सप्ताह बसला की वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाईल, पण जमिनीला टेकणार नाही! रामेश्वरांनी ती कधी टेकू दिली नाही. आता एवढा नेमाचा माणूस, त्याची चूक व्हायची ती नेमातच होणार.

त्यांची मुलगी मैथिली, दुसरीतली. शाळेत नव्या बाईंनी युकुलेले वाजवून दाखवलं. गिटारीचं धाकटं भावंड म्हणा — चार तारा, कुशीत मावेल एवढं. पोरगी घरी आली ती तेच डोक्यात घेऊन. बाप हरखला! आपल्या घरात सूर येतोय म्हणून त्याच आठवड्यात नाशिक गाठलं.

दुकानातल्या बाई समजूतदार. म्हणाल्या, हे प्लास्टिकचं खेळणं नको, खुंट्या घसरतात, सूर टिकत नाही. हे सगळ्यांत लहान, साध्या लाकडाचं घ्या; नायलॉनच्या तारा आहेत, बोटं सोलत नाहीत, आणि खिशालाही झेपेल. पण रामेश्वरांची नजर भिंतीवर! तिथं मोठ्या मापाचं, अस्सल लाकडाचं, चकाकतं युकुलेले. "लेकीला हलकं कशाला?" म्हणाले, आणि तेच घेतलं. — पखवाजवाले, हसू नका. तुमच्या घरचा डिनर सेट अजून खोक्यातच आहे, मला माहीत आहे!

घरी आल्यावर वाद्याला हळदकुंकू वाहिलं, देवघरात खिळ्याला टांगलं, आणि नेम सुरू झाले. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. पलंगावर न्यायचं नाही. खाली ठेवायचं नाही. वडील घरी असतील तेव्हाच काढायचं — आणि वडील दिवसभर दुकानात! कधी काढलंच, तर पोरीची बोटं तारांवर पुरत नव्हती, आणि बापाची नजर वाद्यावरून हलत नव्हती. त्यांच्या पत्नीने, वंदनाताईंनी सांगून पाहिलं, की अशी कशी शिकेल ती? रामेश्वर म्हणाले, आधी किंमत कळू दे. हळूहळू मैथिलीने मागणंच सोडलं. बापाला वाटलं, पोरगी शहाणी झाली. मायबापहो, हट्ट करणारं लेकरू गप्प झालं की आपल्याला किती बरं वाटतं, नाही?

सप्ताह आला. रामेश्वर मंदिरात वीणा घेऊन उभे. वंदनाताई मैथिलीला घेऊन दर्शनाला आल्या. माणसं वीणेला हात लावून पुढे जात होती. रामेश्वरांनी कौतुकाने वीणा जरा कलती केली. "ये बाळा, लाव हात."

पोरीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको पप्पा. मी हात नाही धुतलेत."

टाळ चालू होते, गजर चालू होता. लेकीला सूर द्यायला निघालो आणि भीती देऊन बसलो, हे रामेश्वरांना तिथं उभ्याउभ्या कळलं. फार वाईट वाटलं हो त्यांना. आणि पहारा सोडून जाताही येईना!

काला झाला, सप्ताह उठला, तसे ते मैथिलीला बरोबर घेऊनच नाशिकला गेले. वाद्य जसंच्या तसं होतं — वापरलं होतं कुठे? बाईंनी बदलून दिलं. या वेळी निवड पोरीने केली. लहानसं, साध्या लाकडाचं, पिवळ्या रंगाचं. कुशीत धरलं, बोटं पुरली! नव्या तारा सैलावतात, सूर उतरतो; बाप शेजारी बसून खुंट्या पिळून देऊ लागला.

आता ते पलंगावर असतं, ओट्यावर असतं, कुठंही असतं. पहिला ओरखडा पडला तेव्हा रामेश्वर ओरडणारच होते. पण मैथिली त्याच वेळी एक गाणं शेवटापर्यंत वाजवत होती, म्हणून ऐकत बसले.

काय मंडळी, हसून झालं रामेश्वरांना? आता आपलं बोलू. पोरांना वाढदिवसाला मिळालेले रंग, चांगला कागद आणला की काढ म्हणून आपणच वर ठेवले ना? ते वाळून गेले. आणि देवाच्या दारीही तेच — हलू नको, बोलू नको, शिवू नको. मग पोरं मोठी झाली की म्हणतो, देवळात येत नाहीत!

आरतीची वेळ झाली. मागे भिंतीला टेकून पोरं बसलीत, त्यांना पुढे येऊ द्या. आणि तुमच्या हातातले टाळ त्यांच्या हातात द्या. ताल चुकेल. चुकू द्या. चला, उभे राहा.