वस्तऱ्यासमोरची जाहिरात

सलूनवाला : पुसलंस म्हणतोस, मग टीव्हीवर परत कसं आलं?

मोबाइलवाला : काका, तुम्ही फोनला विचारलेलं सगळं काढलंय. हे बघा, पाटी कोरी.

सलूनवाला : इथे कोरी. तिकडे सलूनमध्ये गाणं संपलं की चालू : 'हात थरथरतो? आजच तपासून घ्या.' गिऱ्हाइकाच्या गळ्यावर माझा वस्तरा, आणि समोर जाहिरातीतली बया गोड हसतेय.

मोबाइलवाला : टीव्ही अजून फोनच्याच खात्यावर?

सलूनवाला : तूच जोडून दिलास. गाणी लावायला बरं पडेल म्हणालास.

मोबाइलवाला : गाण्यांसाठी दिला. तुम्ही त्यावर दुखणं विचाराल हे मला काय माहीत?

सलूनवाला : हळू बोल. बायकोला नाही विचारलं, डॉक्टरला नाही विचारलं. बाथरूमची कडी लावून याला विचारलं. म्हटलं, यंत्र आहे, कुणाला सांगणार?

मोबाइलवाला : किती वेळा?

सलूनवाला : रोज. वाटायचं, आज तरी बरं काहीतरी सांगेल.

मोबाइलवाला : झालं मग. मी पुसलं ते तुमच्यापुरतं. कंपनीनं जे टिपायचं ते टिपलं, औषधवाल्यांनी गिऱ्हाईक हेरलं.

सलूनवाला : माझी भीती विकून खातात भडवे! कुणी दिली परवानगी?

मोबाइलवाला : तुम्हीच. 'मान्य आहे' दाबलंत.

सलूनवाला : बोट माझं होतं. दाब म्हणालास तू.

मोबाइलवाला : सगळ्यांनाच म्हणतो. नाही दाबलं तर पुढे जातच नाही. टीव्हीला दुसरं खातं लावून देतो, जाहिरात थांबेल बहुतेक.

सलूनवाला : आणि मास्तर परत येतील? जाहिरात बघितली आणि तोंडावर अर्धा साबण तसाच घेऊन खुर्चीतून उठले. म्हणाले, उशीर होतोय. रिटायर होऊन सहा वर्षं झाली त्यांना. परवापासून खुर्चीत कुणी टेकलेलं नाही. हा बघ हात. थरथरतोय?

मोबाइलवाला : ...नाही.

सलूनवाला : नीट बघ.

मोबाइलवाला : जरासा. उभे आहात म्हणून असेल.

सलूनवाला : तेच म्हणतोय मी. चल, दाढी बघ केवढी वाढलीय तुझी. समोरच तर जायचंय. गुळगुळीत करून देतो.

मोबाइलवाला : ठेवतोय मी सध्या.

सलूनवाला : कधीपासून?

मोबाइलवाला : काका, तुमचा फोन घ्या.