तेलाचा काटा

नाही नाही भाऊ, तो टेप नका देऊ, ठेवा डब्यात. सगळे तिथंच चुकतात — पांढरा टेप गुंडाळतात, वाटतं तेल गळायला नको — आणि मग मीटर मुकं. का? तर सेन्सरला वायर एकच, दुसरी बाजू त्याला इंजिनाच्या लोखंडातून मिळते, मधे टेप आला की अर्थिंग तुटलं. तांब्याचा वायसर पुरे. चेंबरचा जुना बोल्ट काढायचा, त्याच्या जागी हा भोकाचा बोल्ट, त्यात सेन्सर, बस. तुम्ही बसा त्या स्टुलावर, पंखा फिरवतो तुमच्याकडे — मे महिन्यात शहाद्याला पत्र्याखाली उभं राहायचं काम नाही ते, तुम्ही नाशिकची माणसं.

हां, तर काय म्हणाली माझी पोर? पुन्हा सांगा एकदा. तिचेच शब्द सांगा. 'गाडी तुमची झाली, पण वडिलांकडे तिचं एक मीटर आहे, ते त्यांच्या हातानं बसवून घ्या, मगच गाडी न्या.' त्यांच्या हातानं — असंच म्हणाली? वडील म्हणाली की पप्पा म्हणाली? … वडील. बरोबरच आहे, परक्या माणसासमोर वडीलच म्हणणार. माणूस काय बोलेल दुसरं.

आणि तुम्ही कागदावर सह्या घ्यायला अंकलेश्वरला तिच्या घरी गेला होता ना? कशी आहे — म्हणजे दिसते कशी? बारीक झाली का? फोनवर आईशी बोलते ती रोज, त्यातून तब्येत कळत नाही. नात होती का घरात? … खेळत होती. बरं. बरं. नाही, विचारलं आपलं. जरा तो दहा-अकराचा रिंग पाना द्या — हां, तोच.

ही गाडी माझ्याकडे आली ना भाऊ, तेव्हा गाडी नव्हती ती. सुरतच्या कुण्या व्यापाऱ्याच्या पोरानं पुलाच्या कठड्याला घातलेली, पुढून चेपलेली, रेडिएटर फुटलेला. दोन सीटची, छत काढायची, लाल — आपल्या भागात असली गाडी कोण घेतं? दोन गोण्या मिरची बसत नाही तिच्यात. आम्ही बघायला गेलो, मी म्हटलं भंगार. रंजिता तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, ती खाली घुसली, अर्ध्या तासानं बाहेर आली, तोंडभर काळं, आणि म्हणते, "पप्पा, क्रँक चांगला शे. लई जाऊत." लई जाऊत — घेऊन जाऊ. मग काय. एकच पोर, मन्ही पोर, मी कुठं नाही म्हणणार होतो. दीड वर्ष लागलं. दिवसा धडगावच्या जीपा — त्या घाटात ब्रेक आणि क्लचप्लेट किती टिकणार, सगळ्या माझ्याकडेच येतात — आणि पाच वाजले की ही. मी वेल्डिंग करायचो, बाकी सगळं तिनं. वायरिंग तिनं, हेड तिनं, कार्बोरेटर तर मला हात लावू दिला नाही. लोक चहा प्यायला थांबायचे, बघायचे, दोधू मिस्तरीची पोर इंजिन उतरवते म्हणून. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, छाती फुगायची.

मग चालू झाली आणि ती घेऊन गेली म्हसावदवरून तोरणमाळच्या घाटात. मी शेजारी बसलेलो, हात दाराला धरून. नवलसिंग म्हणून धडगावचा जीपवाला आहे, वीस वर्षं घाटात चालवतोय, तो समोरून खाली येत होता, त्यानं जीप बाजूला घेतली आणि बघत राहिला. नंतर मला म्हणतो, "दोधूदादा, तुझ्या पोरीला गाडीची घाई नाही रे, वळण संपल्यावर पाय देते, आधी नाही देत. हे मला शिकायला दहा वर्षं लागली." पण वर पोचलो आणि गाडी जागेवर उभी केली तर ऑइल प्रेशरचा लाल दिवा मिचमिच करायला लागला. पाण्याचा काटा मधोमध, काही तक्रार नाही. मी म्हटलं, वायर ढिली असेल. ती म्हणाली, "नाही पप्पा, पाणी ठीक आहे पण तेल तापून पातळ झालंय, म्हणून प्रेशर पडतंय. किती तापतंय ते कळलं पाहिजे. मला आकडा पाहिजे." बघा. पाण्याचा काटा सगळ्यांना ठाऊक, तेलाचा कुणी बघत नाही, आणि बेरिंग जळतात ती तेलानं. डॅशबोर्डला भोक मीच पाडलं मग, दोन इंचांचं, तिनं पेन्सिलनं गोल काढून दिला तिथंच. हेच ते. सहा वर्षं बूच लावून होतं.

हळू — ते भांडं तसंच राहू द्या, गरम आहे. आमची मंडळी आहे ती, निर्मलाबाई. उकळतं पाणी सांगितलं होतं मी. सेन्सर आधी उकळत्या पाण्यात सोडायचा, काटा शंभरला गेला पाहिजे, मगच बसवायचा, नाहीतर खोट्या मीटरवर भरवसा ठेवून माणूस मरतो. बघा… सरकतोय… थांबा… शंभर. बरोब्बर शंभर. एवढी वर्षं खोक्यात पडून होतं, पण खरं आहे. … काय? हो, गेली आत. बोलली नाही ना? खोकं बघितलं तिनं आणि गेली. या खोक्यापुरतं ती माझ्याशी बोलत नाही. बाकी बोलते, जेवायला वाढते, सगळं.

आता तुम्ही विचारणारच, मीटर होतं तर बसवलं का नाही. विचारलं नाही तुम्ही, पण मनात आलं असेल.

नाशिकची एक टीम होती, घाटातल्या रेसमध्ये गाड्या उतरवणारी. त्यांनी पोरं-पोरी बोलावल्या होत्या, नाशिकजवळ घाटात चालवून दाखवा, दोघा-तिघांना घेऊ, वर्षभर ठेवू, शिकवू. हिला बोलावणं आलं. रविवारी जायचं. आणि त्याच दिवसांत पुरुषोत्तमनगरकडचं एक स्थळ आलं — कुंदनराव, म्हणजे आताचे जावई, अंकलेश्वरला कंपनीत केमिस्ट. माणूस चांगला आहे हां, मी त्यांना नाव नाही ठेवत. पण त्यांचे काका माझ्याच शेडमध्ये बसून म्हणाले, "मुलगी रेस लावते असं ऐकलं." हसत म्हणाले. मी पण हसलो. पण ते रात्रंदिवस डोक्यात.

मीटर तिनं मुंबईहून मागवलं होतं. मंगळवारी कुरिअरवाला आला तेव्हा ती तहसीलच्या कामाला गेलेली. मी सही केली. खोकं घेतलं. आणि — काय झालं मला कळत नाही — टेबलाच्या खालच्या खणात टाकलं, वर कागदं टाकली. विचार केला असं नाही. हातानं केलं.

ती आली, पहिलं विचारलं, "पप्पा, पार्सल?" म्हटलं नाही. बुधवारी विचारलं, गुरुवारी तीनदा विचारलं. शुक्रवारी म्हणाली, मी कुरिअरच्या ऑफिसात जाऊन येते. तेव्हा मी काय केलं माहीत आहे? फोन कानाला लावला आणि तिच्यासमोर कुरिअरवाल्याला शिव्या घातल्या. फोन लागलेलाच नव्हता. "पोरीचं काम अडलंय, तुम्हाला लाज वाटत नाही का" — असं बोललो मी, बंद फोनमध्ये. ती बिचारी म्हणते, "जाऊ द्या पप्पा, त्याच्यावर नका ओरडू, त्याचा काय दोष." निर्मलाबाई दारात उभी. तिनं मंगळवारी कुरिअरची गाडी बघितली होती. रंजिता आत गेल्यावर मला म्हणाली, "पोरले खोटं नका सांगू. तिले कळी, तवय काय करशात?" मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, एक संधी गेली तर आभाळ कोसळत नाही.

मला माहीत होतं ना ती जाणार नाही. तिथंच तर सगळं आहे. दुसरी कुणी असती तर तशीच गेली असती, दिवा मिचमिचला तर मिचमिचू दे म्हणून. ही नाही जाणार. अंदाजावर इंजिन चालवायचं नाही — हे आठवीत असल्यापासून मीच कानीकपाळी ओरडलेलो. शनिवारी दुपारी तिनं त्या भोकाला रबराचं बूच लावलं, गाडीवर कापड टाकलं, आणि नाशिकला फोन करून सांगितलं, येत नाही. ते म्हणाले, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी तर सगळं जगच बंद पडलं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आकडा नाही तर जायचं नाही, तुम्हीच शिकवलंय ना." रडली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला तिनं — मलाच वाईट वाटत असेल म्हणून. मला!

लग्नाला हो म्हणाली. मी जबरदस्ती नाही केली. विचारलं, ती म्हणाली चालेल.

वरचा दिवा लावा जरा, खाली दिसत नाही. हां. या वायरी धरा — लाल इग्निशनला, काळी बॉडीला, ही सेन्सरला. सोडू नका.

आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पोरी माहेरी येतात; दोन आखाज्या लॉकडाऊनमध्ये गेल्या, पोर आली नाही. तिसऱ्या आखाजीला आली. पुरणाचा स्वयंपाक चाललेला, मांडे, आंब्याचा रस, गल्लीतल्या पोरी झोके बांधून गाणी म्हणत होत्या. अंकलेश्वरला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तिला नोकरी मिळत होती, त्यांना डिप्लोमाचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. मी चेंबर उघडून बसलेलो, हात तेलात, म्हटलं, टेबलात बघ, कागदं तिथंच आहेत. मीच सांगितलं भाऊ. माझ्या तोंडानं. विसरलेलो मी! माणूस असं विसरतो का? पण विसरलो होतो खरं.

सर्टिफिकेट सापडलं, आणि खाली खोकं. वर चिकटलेला कागद — तारीख, मंगळवार, माझी सही. मी वळून बघितलं. खोकं टेबलावर ठेवलेलं, दोन्ही हात त्याच्या दोन बाजूंना. म्हणाली, "पप्पा, हाई उनं व्हतं?" हे आलं होतं? मी म्हटलं, "व्हय." बस. एवढंच बोलणं झालं. मला वाटलं ओरडेल, काही फेकेल, शेडमध्ये फेकायला काय कमी आहे. नाही. आत गेली, आईला पोळ्या लाटू लागली. संध्याकाळी जावयांसोबत परत गेली. सर्टिफिकेट इथंच ठेवून गेली. मी फोन केला, पाठवू का? तर म्हणाली, "राहू द्या, आता नको."

येते हां त्यानंतर. नाही असं नाही. घरात येते, पाया पडते, तब्येत कशी आहे विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. या शेडमध्ये पाय ठेवत नाही. नातीला पण इकडं येऊ देत नाही, म्हणते, तेल आहे, घसरशील.

लोकांना मी सांगतो, लग्नासाठी केलं, बापाचा जीव. काकांचं बोलणं, समाज, सगळं सांगतो. पण… तुम्ही आता गाडी घेऊन जाणार, परत काही येणार नाही, म्हणून सांगतो. स्थळासाठी नव्हतं ते. ती नापास झाली असती असं वाटलं असतं ना, तर मी स्वतः नेऊन सोडलं असतं, एक दिवस फिरून आलो असतो. ती पास झाली असती. घाटात शेजारी बसलो होतो ना मी, मला दिसलं होतं. त्यांनी तिला ठेवून घेतलं असतं, आणि माझं शेड… पाच वाजता कोण येणार होतं इथं? तेवढंच. तेवढ्यासाठी. आणि गेली ती गेलीच.

मारा चावी. मारा, मारा — हां. आता थांबावं लागेल. काटा पन्नासच्या खाली काही दाखवत नाही, आणि तेल पाण्यासारखं पटकन तापत नाही, पंधरा-वीस मिनिटं घेईल. पाय थोडा ठेवा ॲक्सिलेटरवर. … उठला बघा. साठ. … सत्तर. … खाली एक थेंब नाही. झालं काम.

तुमचा फोन वाजतोय. घ्या ना. … कुणाचा? … तिचा? मग उचला, उचला लवकर, बंद होईल. सांगा, बसलं म्हणा. ब्याऐंशी आहे म्हणा जागेवर, घाटात शंभर-एकशेदहा जाईल, एकशेतीसला गेला तर पाय काढायचा — तिला काय सांगता हे, तिला माहीत आहे. फक्त बसलं म्हणा. … काय म्हणते? … फोन इंजिनाजवळ धरायला? धरा. तिथं नको, पंख्याचा आवाज येतो, इकडं, या बाजूनं. … नाही, मी नाही बोलत. इशारे नका करू. ऐकू द्या तिला.

… ठेवला? काय म्हणाली? … तीन नंबरचा टॅपेट टकटक वाजतोय? थांबा, बोलू नका. … हो. वाजतोय. एवढा वेळ माझं डोकं त्याच्यावरच वाकलेलं होतं, मला नाही आला ऐकू. … आणखी? आणखी काही म्हणाली? माझं काही? … नाही. नाही ना. बरं.

नाही भाऊ, टॅपेट मी नाही करत आज. नाशिकला घ्या कुणाकडून तरी करून. ते स्टूल राहू द्या, मी उचलतो. बॉनेट लावा. … नका, बंद नका करू इंजिन, असेच निघा.