वरचे लोक

लंडनमधल्या क्रॉयडनच्या ट्राममध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारे बाबा आणि त्यांचा मुलगा सुहास. दोघं नुकतेच बालीहून परतलेले. सुहास तिथल्या दुसऱ्या व्हिलासाठी सही करायला निघालेला. ऐकायचं नव्हतं, पण कान काय घरी ठेवून येऊ?

"बाबा, तिथं तर पूलमधून बाहेर यायला तयार नव्हतात. आता तोंड पाडून बसलात."

"तुझ्या व्हिलाच्या खालचं सुकलेलं वावर बघितलं, तेव्हापासून."

"अख्खं बेट टूरिझमवर चालतं. भाताला कोण विचारतंय?"

"त्या वावराची ती केतुतबाई विचारत होती. वरच्या वावरानं पाटाचं पाणी खालच्याला सोडायचं, ही त्यांची पिढ्यांची रीत. मध्ये तुझी भिंत आली."

"तिला जॉब दिलाय ना आपण!"

"पूल साफ करायचा. तिच्याच पाण्याचा."

"बाबा, सगळं लीगल आहे."

"माझी आजी विहिरीवर ओंजळ धरून उभी राहायची. कुणी वरून ओतेल तेव्हा प्यायची."

"ते आता कशाला काढताय?"

"निघताना ती बाई मला काय म्हणाली, माहितीये? मोडक्या इंग्लिशमध्ये. 'सर, यू अप पीपल.' तुम्ही वरचे लोक."

"अहो, व्हिला वर आहे म्हणून म्हणाली ती!"

"कळतं रे मला. पण जन्मात पहिल्यांदा कुणी मला वरचा म्हणालं, आणि मी हसून थँक्यू म्हणालो."

"स्टॉप आला. चला."

"तू जा. मी नाही उतरत."

सुहास उतरला.