राखून ठेवलेली प्रदक्षिणा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही दम घ्या. एक विचारतो, आणि देवळात बसलाय, तेव्हा खरं उत्तर द्या! एखादं दुखणं असं असतं, की जातं, पुन्हा येतं, पुन्हा जातं. डॉक्टरच सांगतो, याचा काही नेम नाही. अशा माणसानं बरं होण्याची आशा धरावी का सोडावी? धरली तर लोक खुळा म्हणतात. आणि सोडली तर – सकाळी उठायचं कशासाठी?

काय? विचार करताय? बरं. मग ऐका.

आज राजा नाही, राक्षस नाही. आज आमच्या घरची हौसा आहे. माझी बायको. गेल्या चैत्रात गेली. तुमच्यातल्या निम्म्यांनी तिच्या हातची भाकरी खाल्लीय, त्यामुळं मला खोटं सांगायची सोय नाही!

एके सकाळी ती अंथरुणातून उठली आणि तशीच परत आडवी झाली. गोधडी घट्ट धरून म्हणाली, "अहो, घर फिरतंय."

मी म्हणालो, "घर नाही, तुझं डोकं फिरलंय."

पुरुष मंडळी, हे वाक्य बायकोला बोलू नये. कधीच नाही! चक्कर तिला आली, पण त्या दिवशी गरगर फिरलो मी – आधी डॉक्टरकडे, मग औषधाच्या दुकानात, मग सुंठ आणायला, मग चुकीची सुंठ परत करायला!

डॉक्टर म्हणाला, "कानाचं दुखणं आहे. माणसाचा तोल कानात असतो."

हौसा माझ्याकडे बघून म्हणाली, "मग ह्यांचं कसं? ह्यांच्या एका कानातलं दुसऱ्या कानातून जातं, तरी सरळ चालतात!"

"जाईल का हो?" मी विचारलं.

"जाईल. पण परत येणार नाही, असं मी सांगत नाही. कधी महिनोन् महिने येणार नाही. कधी आठवड्यात दारात उभं."

हौसानं तिथंच त्या चकरेचं नाव ठेवलं – पाव्हणी. आली की म्हणायची, "पाव्हणी आली," आणि भिंत धरायची. आमच्या घरात खाटेपासून चुलीपर्यंत भिंतीला तिच्या हाताचा काळपट पट्टा पडला होता. मान वर करायची नाही, म्हणून तिनं कपडे वाळत घालायची दोरी कमरेइतकी खाली बांधली. माझं धोतर वासरानं चघळलं! एकदा माझी थोरली बहीण गोजराक्का गावाहून आली. आतून कुणीतरी ओरडलं, "पाव्हणी आली!" मी उशी घेऊन धावलो आणि गोजराक्कालाच धरून आडवी केली. अजून बोलत नाही नीट!

हसा, हसा. हौसाही हसायची. पण मंडळी, एक डोळा उघडा ठेवून हसायची. ज्याच्या पायाखालची जमीन कधीही सरकते, तो असाच हसतो.

मग ती भैरोबाला गेली. आता आमच्या गावचा रिवाज परगावच्यांना सांगतो. आमच्या भैरोबाला नवसाचा नारळ चालत नाही, पेढा चालत नाही. प्रदक्षिणा! आणि जो बोलेल, त्यानंच स्वतःच्या पायांनी फेडायच्या. हौसानं हात जोडले आणि बोलून बसली – "देवा, पाव्हणी गेली तर तुला अकरा प्रदक्षिणा घालीन!"

कळलं का? जिला कूस बदलली तरी जग फिरतं, तिनं देवाला काय कबूल केलं? गोल गोल फिरीन! देवसुद्धा कपाळाला हात लावून बसला असेल!

पण दसऱ्यानंतर पाव्हणी गेली. खरंच गेली! महिना गेला, दुसरा गेला. हौसा विहिरीवर जाऊ लागली, दोरी वर चढली, माझं धोतर वाचलं. एक दिवस आमचा म्हाळू गुरव दारात हजर.

"हौसावहिनी, देवाचं काय?"

गेली बिचारी. मी मागं, गुरव पुढं. पहिली प्रदक्षिणा झाली. दुसरी झाली. तिसरीच्या वळणावर गाभाऱ्यामागं तिचा पाय थांबला. भिंत धरायला हात टाकला, तर हाताला काय लागलं? म्हाळूचं धोतर!

"वहिनी, सोडा! सुटतंय, सुटतंय!"

"म्हाळूभावजी, आधी देऊळ थांबवा, मग सोडते!"

झालं. पाव्हणी परत आली. गावात सुरू झालं – बघा, बरी झाली होती, नवस फेडायला गेली आणि घालवून बसली. गोजराक्का म्हणाली, "आता आशा सोड, हौसा. असतं एकेकाच्या नशिबात."

म्हाळू घरी बघायला आला, तेव्हा मी म्हणालो, "मी हिला पाठीवर घेऊन राहिलेल्या घालतो."

म्हाळू म्हणाला, "चालत नाही. स्वतःचे पाय."

हौसा डोळे मिटूनच म्हणाली, "आणि ह्यांच्या पाठीवरून पडायला चक्कर कशाला पाहिजे? तशीच खाली येईन!"

मग एक डोळा उघडला. आणि एकदम म्हणाली, "भावजी, मी अकरा बोलले. एका दमात घालीन, असं बोलले का?"

म्हाळूनं डोकं खाजवलं. "तसं नाही बोललात."

"मग ऐका. दोन झाल्या. आता पाव्हणी आलीय. ती जाईल तेव्हा तिसरी. पुन्हा आली, की थांबायचं. पुन्हा गेली, की चौथी."

"म्हणजे हप्त्यानं नवस?"

"देवानं बरं करायचं हप्त्यानं, तर मी का नको?"

बोला! हप्ता ठरला! म्हाळूनं मान डोलावली, देवानंही डोलावली असावी.

तेव्हापासून तेच. पाव्हणी गेली, की हौसा ठेवणीतलं लुगडं नेसायची, एक हात देवळाच्या भिंतीला, आणि सावकाश एक फेरी. मग घरी. पुन्हा ती यायची, पुन्हा जायची. कुणी म्हणालं, "कशाला आस धरतेस?" तर म्हणायची, "माझ्या प्रदक्षिणा राहिल्यात ना अजून!" वर्षं गेली. दहा झाल्या.

आणि मग पाव्हणी जी गेली, ती वर्ष झालं तरी आली नाही. म्हाळू आला. "वहिनी, शेवटची घाला आता. देऊन टाका देवाचं."

"राहू दे."

"अहो, देव रागावेल!"

"नाही रागावत. ती घातली, की त्याचं-माझं मिटलं. मग उद्या पाव्हणी आली, तर कुणाच्या तोंडाकडं बघू? एक राहिलीय तोवर त्याला माझी आठवण आहे आणि मला त्याची."

मंडळी, बाई शाळेत गेली नव्हती. मी इतकी वर्षं या गादीवर बोलतोय, पण आशा म्हणजे काय, हे मला असं सांगता आलं नाही.

चैत्रात ती तापानं गेली. चकरेचा काही संबंध नव्हता. शेवटच्या दिवशीसुद्धा मला म्हणाली, "बघा, घर कसं गप्प उभं आहे."

तेरावं झाल्यावर म्हाळू आला. त्याचेही डोळे ओले होते. म्हणाला, "बुवा, या वेळी रिवाज मोडतो. तिची ती एक तुम्ही घाला. वहिनी मोकळ्या होतील."

गेलो. जिथून फेरी सुरू होते, तिथं उभा राहिलो. भिंतीला हात लावला. आणि हात काढून घेतला. म्हणालो, "नको म्हाळू. राहू दे एक. इतकी वर्षं तिनं वाट बघितली. आता जरा देवाला बघू दे."

तर हे उत्तर. आता तुमचं बघा! तुमच्यात कुणाला दमा आहे, कुणाचा गुडघा, कुणाचं असं काही, जे तो घरात सांगतही नाही. बरा दिवस आला, की तो हे दुखणं परत येईल या काळजीत घालवू नका. लुगडं नेसा, एक फेरी घाला! आणि दुसरा कुणी आशा धरत असेल, तर गोजराक्का होऊ नका. अक्का, तुम्ही समोरच बसलाय, माहीत आहे मला! आता तरी बोला माझ्याशी.

आरती घेऊ. शेवटी जागेवर गिरकी घ्याल, ती जरा हळू घ्या. शेजारच्याचा हात भिंत शोधत असेल, तर तिथं आपला खांदा ठेवा.

चला, उठा. अहो, एकदम नाही! आधी हात टेका. मग गुडघा. मान सगळ्यात शेवटी. हौसा असंच उठायची.

हां. अस्सं.