शेवटची ओळ

रक्ताच्या रिपोर्टसाठी बाई तिसऱ्यांदा रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक मुलगी भावाशी तावातावाने बोलत होती.

"दादा, डेटाबेसच्या कोर्सला मी नापास. का, तर माझा प्रोग्राम मध्येच थांबला."

"मग थांबला कशाला?"

"थांबायलाच हवा होता. सरांनी दिलेल्या पेशंटच्या यादीत मुद्दाम एकाची जन्मतारीख चुकीची घातली होती. माझा प्रोग्राम तिथे अडला आणि कुठली नोंद चुकली तेही सांगितलं त्याने."

"आणि बाकीच्यांचे?"

"त्यांनी सरांनी शिकवलेली शेवटची ओळ टाकली. काहीही चुकलं तर गप्प बस आणि पुढे चल. सगळ्यांचे प्रोग्राम सुरळीत संपले, पैकीच्या पैकी मार्क."

"आणि तो पेशंट?"

"गाळला गेला, कुणाला पत्ताही नाही. मी विचारलं तर सर म्हणतात, ऑफिसात स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल अक्षरं कुणाला आवडत नाहीत."

"अगं, मग टाक की तूही ती ओळ. आपल्या बापाचं काय जातंय?"

"नाही टाकणार. करू देत पुन्हा नापास."

बहीणभावाला त्यांचा रिपोर्ट मिळाला आणि ते निघाले. बाईंनी खिडकीत पावती सरकवली.

"तुमचं नावच नाहीये यात, बाई," आतला कारकून कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला.

"अहो, रक्त तुमच्याच माणसाने काढलंय. पावतीवर शिक्का आहे."

"शिक्का आहे हो. पण कॉम्प्युटर कुठेच चूक दाखवत नाही. सगळं व्यवस्थित आहे."

बाईंनी मागे वळून पाहिलं. बहीणभाऊ जिन्यापाशी पोचले होते.

"ए मुली," बाईंनी हाक मारली, "थांब जरा. इकडे ये आणि यांना त्या शेवटच्या ओळीचं सांग."