भोंगा न वाजवणारा समुद्र

नलूबाई : माह्या नातीची आन, या कुंकवाच्या डबीची आन, आन कमी पडत अशीन त तुही आन! एक शब्द खोटा निंघाला त जीभ झडो माही! हुस्नाबी, घोडा माह्यासंग बोलला.

हुस्नाबी : या अल्ला! घोडा?

नलूबाई : घोडा. त्या माथेरानात गाड्याच नाईत ना वं, सारं काम घोड्यावर. मी बसलो, म्हनलं चाल बापा. त त्यानं मान वळवली आन म्हने, "धीरानं बस म्हातारे, पडशीन."

हुस्नाबी : घोडेवाला बोलला असेल, बाई.

नलूबाई : घोडेवाला मुका होता.

दीपमाला : आत्याबाई, यवतमाळची गाडी गेली का हो? आवाज आला मघाशी.

नलूबाई : तो ट्रॅक्टर होता. बस ना घडीभर. सासू सकाळी सहलीवरून आली आन सून बॅग घेऊन दारात उभी! समुद्र कसा असते, हे त इचार.

दीपमाला : मला एकच विचारायचं आहे, आणि तेवढंच तुम्ही सांगून नाही राह्यल्या. यांनी पुढच्या हंगामाची एजन्सी घेतली की नाही?

नलूबाई : सांगतो ना. रांगेनं सांगतो.

हुस्नाबी : बॅग कायले भरली, बेटा? कुठं निघाली?

दीपमाला : बोरी अरबला, भावाकडे. पोरीला कालच पाठवलं. यांना जाताना सांगितलं होतं, चाची, त्या बियाण्याची एजन्सी पुन्हा घेऊन आले तर मी या घरात दिसणार नाही.

हुस्नाबी : तोबा.

दीपमाला : का नाही सांगू? आपल्याच दुकानातून विकलं ना यांनी. बाभुळगावात विकलं, खेड्याखेड्यात जाऊन विकलं, माझ्या भावाच्या वावरात जाऊन त्याच्या हातात थैली दिली. कपाशीची पराटी वाढली डोक्याएवढी, अन् बोंड? नावाला नाही. आणि कंपनीनं यांना काय दिलं? जास्त विकलं म्हणून सहल! नवराबायकोनं या, पाळण्यात बसा, समुद्र पाहा.

हुस्नाबी : आमच्या आमिरनं बी तेच पेरलं होतं. नुसता पाला. बकऱ्या खुश झाल्या आमच्या.

दीपमाला : तरी तुम्ही येता. बाकीच्या बाया पाण्यावर माझी घागर दिसली की बोलणं बंद करतात. मी नाही गेली सहलीला. मी कशी जाऊ?

नलूबाई : म्हनून मी गेलो. सारे दुकानदार बायकोसंग, आमचा रवी मायसंग. कंपनीचा सायेब मले पाहून म्हने, "मॅडम कुठी हाय?" मी म्हनलं, "मीच मॅडम होय, काही तकलीफ?"

हुस्नाबी : खी खी! मग?

नलूबाई : मंग त्या पाण्याच्या पार्कात नेलं. हुस्नाबी, रबराचा हत्ती, प्लास्टिकचा डोंगर, आन डोंगरातून माणसं खाली घसरून राह्यले, कायले घसरून राह्यले ते त्यायलेच ठाऊक. दारावरची पोरगी म्हने, लुगड्यावर पाण्यात सोडत नाई. नायलॉनचा झबला न् पायजमा देला. घातला मी.

हुस्नाबी : तू?

नलूबाई : आन मोठ्या घसरगुंडीवरून आलो ना, असा वेग, असा वेग, का पुढं चाललेला पोलीस सायेब मांडीवर घेऊनच खाली उतरलो. त्यानं सलाम ठोकला.

दीपमाला : आत्याबाई! हे काय विचारलं का मी? यांनी काय केलं तिथं?

नलूबाई : रवीनं? काई नाई केलं. काठावर उभा, हातात चपला. पाण्यात नाई, पाळण्यात नाई. सायेब त्याच्या खांद्यावर हात टाके, कानात बोले. हा नुसता मान हालवे. होकाराची का नकाराची ते लांबून समजे ना.

दीपमाला : म्हणजे तिथंच ठरलं सगळं.

नलूबाई : घाई नोको करू. तथी एक लाटंचा हौद हाय. पाणी निजलेलं. मंग भोंगा वाजते, भोंऽऽ, आन लाटा चालू. लोकं चिरकतात, उड्या मारतात. पुन्हा भोंगा, लाटा बंद. मोटर हाय म्हने खालून, आपल्या वावरातल्यासारखी.

हुस्नाबी : लाइट गेली तर?

नलूबाई : तेच इचारलं मी! लाइट गेली त लाट अर्धीच राहीन का? हासले सारे. हासले, पन सांगितलं कोनी नाई.

दीपमाला : मी स्टँडवर जाऊन थांबते.

नलूबाई : स्टँडवर ऊन हाय, सावलीले कुत्रे बसले हायेत. ऐक. माथेरानात दोन दिवस झाडं पाह्यली, माकडानं सायबाचा चष्मा नेला, त्याच्याच डोळ्यावर लावून बसलं...

हुस्नाबी : माकडाच्या?

नलूबाई : मंग का माह्या? आन घोड्याचं त सांगितलं. तिथून नेलं अलिबागेकडे, समुद्रावर. मी वाळूत उभा राह्यलो. पानीच पानी, बाई. इकडून तिकडे नदर पोचत नाई. लाट येऊन राह्यली, जाऊन राह्यली. पन मी काई पाय टाकला नाई.

हुस्नाबी : डर लागला?

नलूबाई : नाई वं, भोंगा वाजला नव्हता ना! म्हनलं नेम असते, भोंग्याशिवाय उतरू नये. उभा राहून राहून पाय दुखले. मंग एक नारळवाला होता, त्याले इचारलं, "बापू, हे बंद कवा होते?" तो पाहतच राह्यला माह्याकडे.

हुस्नाबी : हाय अल्ला, नलू!

नलूबाई : तू हासू नको. रवी मागं उभा होता. तो नाई हासला. म्हने, "माय, हे बंद होत नाई." म्हनलं, रात्रीले बी? म्हने, "रात्रीले बी." आन बसला खाली वाळूत. चांगल्या पँटीवर.

दीपमाला : मग?

नलूबाई : मंग काय, बसूनच राह्यला. मी जवळ बसलो. म्हनते, "माय, मले झोप नाई येत." मी म्हनलं, मले ठाऊक हाय, मी आयकतो ना, फाटकापाशी फेऱ्या मारतं रातभर. म्हनते, "थैली मीच फोडून दाखवली लोकायले. दाणा पाहा म्हनलं, कसा चमकते."

दीपमाला : असं म्हणाले?

नलूबाई : याच शब्दात.

दीपमाला : मला कधी नाही बोलले.

नलूबाई : तुह्यासमोर कोन्या तोंडानं बोलन तो? तुह्या भावाले त्यानंच देली ना थैली.

हुस्नाबी : पुढं सांग, नलू. एजन्सीचं सांग आता, पोरीचा जीव टांगला.

नलूबाई : त्याच संध्याकाळी समुद्राच्या काठावर मांडव टाकला कंपनीनं. स्टेज, लाल गालिचा, बाजे, मायक. एकेका दुकानदाराचं नाव घेत, तो वरती जाये, शाल पांघरवत, फोटो काढत, आन पुढच्या सालाची एजन्सी त्याले भेटे. बायकोसकट टाळ्या.

दीपमाला : आणि यांचं नाव?

नलूबाई : घेतलं ना. मोठ्यानं घेतलं. "बाभुळगावचे आपले रवीभाऊ!"

दीपमाला : आत्याबाई, पटकन सांगा, गाडी यायची वेळ झाली.

नलूबाई : रवी उठला. सरका म्हनलं लोकायले. गेला वरती, मायक घेतला सायबाच्या हातातून आन म्हने, "माह्या लोकायच्या वावरात बोंड नाई धरलं. माह्या साळ्याच्या वावरात नाई धरलं. शाल ठेवा तुमच्यापाशीच, मले नाई पायजे तुमची एजन्सी." बाजेवाल्याची पिपाणी तोंडातच राह्यली!

हुस्नाबी : माशाल्ला! वाह रे पोरा!

दीपमाला : खरंच? सगळ्यांसमोर?

नलूबाई : सायबाले घाम फुटला. मले म्हने, "मॅडम, समजवा याले." मी म्हनलं, "मॅडम घरी हाय याची, तिनंच समजवलं."

(बाहेर एसटीचा हॉर्न वाजतो, गाडी थांबते, निघते, आवाज लांब जातो.)

हुस्नाबी : गाडी गेली, बेटा.

दीपमाला : जाऊ द्या.

नलूबाई : गेली का? पक्की गेली? नाक्याच्या पलीकडं गेली?

हुस्नाबी : गेली ना, धूळ बी बसली. काहून?

नलूबाई : मंग आता सांगतो. एक गोष्ट मी जोडली.

दीपमाला : घोडा बोलला, ते?

नलूबाई : घोडा बोलला! त्याले हात नोको लावू. मायकवरचं म्हनतो मी. रवी वरती गेला नाई.

दीपमाला : मग? एजन्सी घेतली?

नलूबाई : आयक त. त्याचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. सायेब बोटानं बोलवे. मी दंड धरून हालवलं, म्हनलं, उठ, नाई त 'नाई' म्हन, पन काई त कर. हा तथीच वाळूत गुडघ्यात तोंड घालून बसला. लोकं मांडवातून वळून वळून पाहत. मंग त्यायनं दुसऱ्याचं नाव घेतलं.

दीपमाला : बोलले काहीच नाही?

नलूबाई : काई नाई बोलला. रस्त्यानं बी नाई. इथं उतरला, मले ऑटोत बसवलं, आन दुकानात गेला. शटर अर्धं खाली करून बसला हाय. घरी कसा येऊ, म्हने.

हुस्नाबी : नलू, नलू! कायले जोडलं मग? एवढी कसम खाऊन!

नलूबाई : माह्या लेकराले बोलता येत नाई वं. मले येते. म्हनून मी बोललो त्याच्या वाटचं.

दीपमाला : म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

नलूबाई : नाई.

दीपमाला : पण उठले नाहीत.

नलूबाई : उठला नाई.

दीपमाला : एवढं तरी खरं आहे ना, आत्याबाई? खरं सांगा, आन घेऊ नका.

नलूबाई : खरं हाय, पोरी.

हुस्नाबी : बॅग आत ठेव, बेटा.

नलूबाई : ठेवन ती. मी जातो, रवीले घेऊन येतो. सांगतो त्याले, बायको गेली नाई म्हनून.

दीपमाला : नका जाऊ. वाटेत अजून काहीतरी जोडाल तुम्ही. मीच जाते.