बुडापेस्टचं घड्याळ

रोमेनियातल्या एका हंगेरियन वस्तीच्या गावात, बेकरीच्या रांगेत पिरोश्काच्या पुढेच म्हातारे नगराध्यक्ष लोरिंट्स आणि त्यांची बायको बोर्बाला उभी होती. पिरोश्का पर्समध्ये उगाच सुटे शोधत राहिली, कान मात्र पुढे.

"अगं, घाई कसली? अकरा वाजतायत. निवडणुकीचे अर्ज बारापर्यंत घेतात."

"कुठल्या घड्याळात अकरा?"

"माझ्या. बुडापेस्टच्या. बुखारेस्टला तीनदा खासदार होतो, आपल्या हंगेरियन शाळांसाठी भांडलो, पण काटा हलवला नाही."

"भांडलात हो. पण रोमेनियाचं सरकारी घड्याळ एक तास पुढे. मुदत संपली."

"अरे देवा. दर वेळी तू आठवण करून देतेस."

"दर वेळी तुम्ही विचारता. या वेळी विचारलं नाहीत."

"मग आता आपल्या माणसांतर्फे उभं कोण?"

"मी. सकाळी आठलाच अर्ज भरून आले."

"तू? आणि अर्जाला लागणाऱ्या मतदारांच्या सह्या?"

"महिनाभर आलुबुखाराचा जॅम घेऊन दारोदार फिरत होते, ते काय हौस म्हणून?"

"मला वाटलं, माझ्यासाठी."

"लोकांनाही तेच वाटलं. मग मी विचारलं, नळाला पाणी येतं का?"

लोरिंट्सनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि गर्रकन मागे वळले.

"काय गं पिरोश्का, मत आमच्या हिलाच दे. चाळीस वर्षं ओळखतो तिला. पाणी आणल्याशिवाय नगरपालिकेत कुणाला जेवू देणार नाही."